आईची शिफ्ट कधी संपते?

"देव खास मुलं खास आयांच्याच पोटी घालतो." हे वाक्य तुम्ही कधी ना कधी वाचलं असेलच. गुलाबाच्या फोटोवर, सकाळी साडेसहाला, फॅमिली ग्रुपवर. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या वाक्यामागच्या गणिताबद्दल. आई खास आहे, म्हणजे तिला जमणारच. तिला जमणारच, म्हणजे आपण काही करायची गरज नाही. एका ओळीत देवाचीही सोय झाली आणि आपलीही. राहता राहिली ती आई.

तर या वीकेंडचा विषय हा आहे. जरा जड आहे, पण रविवारी दुपारी चहा घेऊन बसलाच असाल तर वाचा.

मी मूळचा बुलडाणा जिल्ह्यातला. पुण्यातल्या मित्रांना जिल्हा सांगितला की ते विचारतात, "लोणार तिकडेच ना?" हो, तिकडेच. पण आमचा जिल्हा उल्केपेक्षा श्रद्धेवर जास्त चालतो. शेगावचे गजानन महाराज, देऊळगाव राजाचा बालाजी, चिखलीची रेणुका, पिंपळगाव सराईचे सैलानी बाबा, नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान. शिवाय सिंदखेड राजा म्हणजे जिजाऊंचं जन्मगाव, त्यामुळे 'आई' या शब्दाला आमच्याकडे अंमळ जास्तच वजन आहे. अशा ठिकाणी दिव्यांग मुलाची आई असणं कसं असतं, तिला श्रद्धेतून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हा मुद्दा.

माझी एक मावसबहीण अशी आई आहे. (नाव-गाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. आपण तिला ताई म्हणू, मी तेच म्हणतो.) मुलगा अकरा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, सोबत फिट्स. त्याला सगळं कळतं, हसतो छान, माझ्या फोनवरची गाणी ओळखतो. पण बसता येत नाही, बोलता येत नाही, आणि घास नीट गिळता येत नाही. भाकर दुधात कुस्करून, पातळ करून, एकेक चमचा भरवायला पाऊण तास लागतो. घाई केली की ठसका. असे दिवसातून तीन पाऊण तास. फिट्सचं औषध बरोबर बारा तासांनी. सकाळ-संध्याकाळ व्यायाम, नाहीतर स्नायू आखडतात. रात्री दोनदा उठून कूस बदलायची. आणि वजन २६ किलो. अंघोळ, संडास, खुर्ची, पलंग, प्रत्येक वेळी उचलायचं. तान्हं बाळ उचलणं वेगळं आणि अकरा वर्षांचं, अंग ताठ झालेलं लेकरू उचलणं वेगळं.

ताईची पाठ गेलेली आहे. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगून दीड वर्ष झालं. काढलेला नाही. पैशाचा प्रश्न नाही, भाऊजींचं दुकान बरं चालतं. प्रश्न असा की तपासणीला जाऊन यायला अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवशी पोराकडे कोण बघणार? मी फोनवर विचारलं की ती म्हणते, "पाहू न बाप्पा, दिवाळीनंतर." कोणत्या दिवाळीनंतर ते सांगत नाही.

आता श्रद्धेकडे येऊ. आणि सुरुवात जिथे आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं होतं तिथूनच करू, म्हणजे सैलानीपासून.

बुलडाणा तालुक्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची प्रचंड होळी पेटते. हिंदू येतात, मुसलमान येतात. ज्यांना घरचे लोक 'बाहेरची बाधा' म्हणतात अशा माणसांना घेऊन लांबलांबून कुटुंबं येतात. यात मनोरुग्ण असतात, फिट्स येणारे असतात, मतिमंद मुलं असतात. ताईसुद्धा मुलगा तीन वर्षांचा असताना सासूबाईंबरोबर गेली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नंतर गैरसमज नको. सेरेब्रल पाल्सी ही मेंदूच्या वाढीच्या काळात झालेली इजा आहे, ती बाधा नाही, आणि कुठल्याही धुनीने, धाग्याने ती बरी होत नाही. फिट्सचं औषध बंद करून अंगारा लावणं जिवावर बेतू शकतं. तमिळनाडूत एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला आग लागली. आत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण होते. २८ जण जळून मेले, कारण पळता आलं नाही. माणसाला असं बांधून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट बंदी घातली आहे. महाराष्ट्रात तर २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो होण्याआधी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. तेव्हा या बाबतीत 'ज्याची त्याची श्रद्धा' म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही.

पण ताई तिथून काय घेऊन आली हे मी तिला विचारलं होतं. मला वाटलं, धागा किंवा नवस असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "तिथं माझ्या पोराकडे कोणी टकमका पाहत नव्हतं." बस. गावात लग्नाला गेली तर बायका लाळ गळणाऱ्या तोंडाकडे बघतात, मग तिच्याकडे बघतात, मग पदर तोंडाला लावून "कोणाचं पाप कोणाच्या पदरी" म्हणतात. सैलानीला प्रत्येकाकडेच काहीतरी होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती चारचौघांत बसून पोराला भरवू शकली.

हे ऐकल्यावर मला ती यात्रा थोडी वेगळी दिसायला लागली. अंधश्रद्धा तशीच आहे, मत बदललेलं नाही. पण तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट दिसली: आपल्यासारख्या इतर घरांना भेटायची, न लाजता बसायची जागा. ती जागा आपण दुसरीकडे कुठे तयार केलीच नाही, म्हणून लोक तिथे जातात. तुम्ही फक्त "जाऊ नका" म्हणालात तर तिचा तेवढाही आसरा जातो.

(आणि आईला दोष द्यायचं काम फक्त धर्मानेच केलं असंही नाही हं. 'मागच्या जन्मीचं पाप' म्हणणाऱ्यांना हसण्याआधी आपल्या लाडक्या विज्ञानाचा इतिहास आठवावा. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत भलेभले तज्ज्ञ सांगत होते की मुलाला ऑटिझम होतो तो आईच्या थंड, मायाहीन वागण्यामुळे. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' असं नाव होतं. ब्रूनो बेटलहाइम यांचं याच धर्तीवरचं पुस्तक १९६७ साली गाजलं. बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, १९६४ मध्येच या कल्पनेला आव्हान दिलं होतं. पण ती मागे पडेपर्यंत कित्येक आया स्वतःला गुन्हेगार समजत जगल्या. तेव्हा बोट आईकडे वळवण्यात पांढरा कोट आणि भगवी कफनी दोघंही पटाईत.)

आता पोथी. आमच्याकडे दासगणूंचा गजानन विजय ग्रंथ घराघरात असतो. २१ अध्याय. कोणी एका बैठकीत पारायण करतं, कोणी तीन दिवसांत सात-सात अध्याय करून, कोणी गुरुवारी एखादा अध्याय वाचतं. ताई गुरुवारवाली. संध्याकाळी देवघरासमोर बसते, दिवा लावते, अध्याय वाचते, मग थोडा वेळ नुसतीच बसते. तेवढा वेळ सासूबाई पोराजवळ बसतात. का बसतात? कारण सून पोथीला बसली आहे. पोथीला बसलेल्या बाईला आपल्याकडे कोणी हाक मारत नाही. फोन आला तर "ती पोथीला बसली" असं सांगतात. नवरा चहा मागत नाही.

हाच विचार जरा उलटा करून पाहा. ताई त्याच वेळी देवघराऐवजी पलंगावर, दिव्याऐवजी पंखा लावून, डोळे मिटून पडली असती तर? "काऊन, बरं नाही का?" इथपासून सुरुवात झाली असती आणि पंधराव्या मिनिटाला कोणीतरी पोराला आणून शेजारी ठेवलं असतं. म्हणजे बाईला हक्काची विश्रांती घ्यायची असेल तर ती देवाच्या नावावर घ्यावी लागते. तिच्या स्वतःच्या नावावर मिळत नाही.

मला स्वतःला पोथीतल्या चमत्कारांबद्दल काय वाटतं हा आजचा विषय नाही. पण ताईला त्या वेळात काय मिळतं हे मी पाहिलंय. ती उठते तेव्हा तिचा चेहरा निराळा असतो. ती म्हणते, "महाराजांना सगळं सांगून टाकते, मग हलकं वाटते." आपण शहरात याच गोष्टीसाठी तासाला दीड-दोन हजार मोजतो. तिच्या श्रद्धेला मी हसणार नाही, आणि तुम्हीही हसू नका.

मात्र यातही एक गोम आहे. महिन्यातले चार दिवस पोथीही बंद. ज्या दिवसांत कंबर जास्त दुखते, नेमक्या त्या दिवसांत तो एक तासही हातचा जातो. देवाजवळ जायचं नाही म्हणून विश्रांतीही नाही. पोराला उचलायला मात्र विटाळ आड येत नाही. हे जाता जाता.

तर माझं म्हणणं इतकंच आहे: श्रद्धा बळ देते, पण वेळ देत नाही. आणि या आयांना बळाची कमतरता नाहीच आहे. कमतरता आहे तासांची.

हे निव्वळ भावनिक बोलणं नाही. २००४ साली एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. (ब्लॅकबर्न यांना टेलोमियरवरच्या कामासाठी २००९ मध्ये नोबेल मिळालं.) त्यात ५८ आया होत्या, त्यातल्या ३९ जणींची मुलं दीर्घकाळ आजारी किंवा विकलांग होती. टेलोमियर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचं संरक्षक टोपण. वय वाढतं तसं ते झिजतं. या आयांमध्ये असं दिसलं की जितकी जास्त वर्षं मुलाची काळजी घेतली, तितकं टोपण आखूड. आणि ज्या बायकांनी सर्वांत जास्त ताण सांगितला, त्यांच्या पेशी सर्वांत कमी ताणवाल्यांपेक्षा निदान दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण 'झिजते' हा शब्द आपण आईबद्दल अलंकार म्हणून वापरतो, तो इथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.

आणि ही झीज कोणाच्या वाट्याला येते? आपल्या सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. घरातल्यांची देखभाल करण्यात बायकांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. हे सर्वसाधारण घरांचं चित्र. दिव्यांग मूल असलेल्या घरात काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

यावर आपल्या शहरी जगाचं उत्तर तयार असतं: 'सेल्फ-केअर'. सकाळी वीस मिनिटं ध्यान करा. डायरी लिहा. चालायला जा. महिन्यातून एकदा पार्लर. स्वतःसाठी जगायला शिका, रिकाम्या भांड्यातून पाणी ओतता येत नाही, वगैरे वगैरे. सल्ले चुकीचे नाहीत. पण त्या प्रत्येक सल्ल्याच्या आत एक अदृश्य माणूस गृहीत धरलेला आहे, जो त्या वीस मिनिटांत मूल सांभाळतोय. तो माणूस नसेल तर सेल्फ-केअर म्हणजे ताईच्या यादीतलं चोविसावं काम. ते जमलं नाही की पुन्हा अपराधी वाटायला मोकळी. 'देवाने तुला निवडलंय' आणि 'तू स्वतःकडे लक्ष देत नाहीस' ही दोन्ही वाक्यं शेवटी एकाच जागी येऊन पोचतात: बाई गं, तुझं तू बघ.

मग उत्तर कुठे आहे? मला ते शेगावलाच सापडतं. गंमत नाही, खरंच.

मी इंजिनिअरिंग शेगावलाच केलं, संस्थानच्या कॉलेजात. तिथे चार वर्षं राहिलेल्या कोणालाही विचारा, मंदिराचं व्यवस्थापन बघून माणूस चाट पडतो. गर्दी कितीही असो, रांग हलत असते, फरशी चकचकीत, महाप्रसादाची पंगत वेळेवर. हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं ते सेवेकरी गावोगावहून येतात. पगार नाही. पण ते कायमचे तिथे राहत नाहीत. ठरावीक दिवस सेवा, मग घरी. त्यांच्या जागी दुसरी तुकडी. नंबर लागावा म्हणून लोक वाट बघत असतात. कोणीही सेवेकरी वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे चोवीस तास, एकटा झाडू मारत नाही. कोणी मारायला लागला तर संस्थानच त्याला "आता घरी जा, बाळा" म्हणेल. संस्थानचं काम पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ ला गेले, आणि गाडा थांबला नाही. सेवा मोठी आहे म्हणूनच ती आळीपाळीने होते. एका माणसाच्या पाठीवर उभी केलेली सेवा टिकत नाही, हे त्या संस्थेला पक्कं माहीत आहे. त्याच संस्थानची मतिमंद मुलांसाठी निवासी शाळाही आहे. म्हणजे महाराजांच्या दारात या मुलांना जागा आहे, आणि ती फक्त अंगाऱ्यापुरती नाही.

आता आपल्या ऑफिसकडे या. तुमच्यापैकी निम्मे लोक कधी ना कधी ऑन-कॉल असतात. आठवडाभर रात्री-अपरात्री पेजर वाजतो आणि सोमवारी आपण हुश्श करून तो पुढच्याला देतो. प्रायमरी असतो, सेकंडरी असतो. सलग दोन आठवडे ऑन-कॉल लावला तर आपण एचआरला मेल टाकतो. आणि ज्या सिस्टीमची माहिती एकाच माणसाला आहे, तिला आपण काय म्हणतो? बस फॅक्टर एक. म्हणजे तो एक माणूस बसखाली आला की खेळ खलास. असं डिझाइन कोणी रिव्ह्यूला आणलं तर आपण ते परत पाठवतो. एखाद्या फालतू पेमेंट गेटवेसाठी आपण इतकी काळजी घेतो, आणि एका जिवंत मुलासाठी अकरा वर्षं सेकंडरीच नाही!

या आयांची सर्वांत मोठी भीती तीच असते. "माझ्यामागं याचं कसं?" त्यावर नातेवाईक म्हणतात, "महाराज पाहतील." पाहतील, नक्की पाहतील. पण आजवर महाराजांनी जे काही पाहिलं ते कोणा ना कोणा माणसाच्या हातूनच. आणि आई असतानाच दुसऱ्या कोणी त्या पोराला भरवायला, उचलायला, फिट आली तर कुशीवर वळवायला शिकलं नाही, तर आईनंतर ते हात येणार कुठून?

कायदाही हळूहळू इथे पोचतोय. ब्रिटनमध्ये १९७६ साली घरी काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, आणि त्यातून विवाहित स्त्रियांना वगळलं गेलं. का? तर त्या घरीच असणार ना! ही अट काढायला १९८६ उजाडलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'काळजी घेणारी व्यक्ती' याची व्याख्या केली आणि त्यात आई-वडील, घरचे, पगारी-बिनपगारी सगळे धरले. ज्यांना आधाराची खूप गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूदही कलम २४ मध्ये आहे, पण 'सरकारच्या आर्थिक कुवतीनुसार'. केरळने 'आश्वासकिरणम्' नावाची योजना करून महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम किरकोळ आहे, पण निदान हे काम आहे हे कोणीतरी कागदावर मान्य केलं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते, आणि दिव्यांग मुलासाठी वयाची मर्यादा नाही. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा रजेचा संबंध थेट स्त्रियांच्या नोकरीतल्या समान सहभागाशी जोडला. आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे, आणि आईला थोडे दिवस उसंत मिळावी म्हणून मुलाला तात्पुरतं सांभाळणारी 'समर्थ' ही योजनाही आखलेली आहे. तुमच्या नात्यात असं मूल असेल तर हे फॉर्म भरून द्या. ऑनलाइन फॉर्म भरणं हे आपल्या जमातीचं एकमेव कौशल्य आहे, ते तरी कामी येऊ दे. :)

मराठीत या कामासाठी एक सुंदर शब्दही आहे. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारा हा माणूस, घरात पत्नीचा आजार पाहिलेला. त्या मंडळींनी रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायला सुरुवात केली, आणि स्वमदत गट चालवले, जिथे घरचे लोक एकत्र बसून मोकळेपणी बोलतात. आजार वेगळा आहे, पण ताईला सैलानीला जे मिळालं, म्हणजे कोणी टकमका न बघणारी जागा, ते हेच. फक्त इथे कोणाचं औषध बंद होत नाही. असा गट मेहकरला, खामगावला, मलकापूरला मंदिराच्या सभामंडपात गुरुवारी आरतीनंतर का बसू नये? जागा आहे, माणसं आधीच जमलेली आहेत, आणि सासूबाई नाही म्हणणार नाहीत. श्रद्धेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आता आपण. म्हणजे पुण्या-मुंबईत, बंगलोरला बसलेले मामा, काका, मावशी, आत्या. माझ्या मते आपल्या हातात चार गोष्टी आहेत.

एक. 'मदत' हा शब्द बंद. भाऊजी अधूनमधून पोराला आंघोळ घालतात तेव्हा सगळे म्हणतात, "मदत करतो हो बायकोला." अहो, बाप आहे तो. मदत शेजारी करतात. बापाची शिफ्ट असते, आणि ती वार-वेळ ठरवून असली पाहिजे.

दोन. केटी घ्या. सुट्टीत गावी गेलात की पहिला दिवस पाया पडण्यात घालवण्याऐवजी मुलाला भरवायला शिका. आई शेजारी बसलेली असताना दोन-तीनदा करा. तिला एक वही घालायला सांगा: औषधं, वेळा, फिट आली तर काय, कोणत्या गाण्याने शांत होतो. आपण प्रत्येक प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन मागतो, हे तर माणूस आहे.

तीन. 'काही लागलं तर सांग' हे म्हणू नका. ती सांगत नाही. तारीख सांगा. "ताई, १४ तारखेला मी येतोय, शनिवार-रविवार त्याच्याजवळ मी थांबणार, तू तुझी कामं कर." आणि त्या दोन दिवसांत ती नुसती झोपली तरी "अगं, बाहेर का नाही गेलीस?" असं विचारू नका. झोप हीसुद्धा सेल्फ-केअर असते, बहुतेक वेळा पहिली तीच.

चार. पैसे पाठवत असाल तर नेमून पाठवा. दिवसाचे चार तास बाई ठेवायला महिन्याला जे लागतात ते आपण दोन वीकेंडच्या हॉटेलिंगवर उडवतो. "पोराला काहीतरी घे" म्हणून दिलेले पैसे पोरावरच खर्च होतात. "हे बाईच्या पगाराचे" म्हणून दिले तर ते ताईच्या पाठीपर्यंत पोचतात.

कोणी म्हणेल, आईच्या मायेला शिफ्टमध्ये बसवताय का? नाही हो. माया चोवीस तास राहते, ती कुठे जात नाही. २६ किलो उचलणं तेवढं वाटून घ्यायचंय.

असो. पुढचे दोन वीकेंड इथे काही लिहिणार नाही. बुलडाण्याची तिकिटं काढलीत. ताईच्या एमआरआयची वेळ घेतली आहे, शनिवारी सकाळी अकराची. भरवायला मला अजून पाऊण तासाऐवजी सव्वा तास लागतो, पण ठसका लागत नाही.